जपानी शिकलात, आता शिकवणार कोणाला? वसई ते निशिकासाई

विरार लोकलमध्ये उभं राहून ऐकत असाल तर आधी मोबाईल सांभाळा. बसायला जागा मिळाली असेल तर तुमचं मनापासून अभिनंदन. आजचा विषय आहे जपानी भाषा. तरी घाबरू नका, मी कांजी शिकवणार नाहीये. मला बोलायचंय ते भाषा येणाऱ्या माणसाबद्दल. ज्याला दोन भाषा येतात, त्याने त्यांचं करायचं काय?

हा विषय आत्ता का, तर आजूबाजूला बघा. आपल्या विरारमध्ये बुलेट ट्रेनचं स्टेशन येतंय. मुंबई ते अहमदाबाद ५०८ किलोमीटर, १२ स्टेशनं, त्यातलं एक आपलं आणि त्याच्या पुढचं बोईसरचं. तंत्रज्ञान जपानचं. २०२१ च्या जानेवारीत भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांबद्दल करार झाला. वृद्धांची काळजी घेणं, बांधकाम, शेती, हॉटेल अशा क्षेत्रांत आपली मुलं रीतसर तिकडे जाऊ शकतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दोन्ही सरकारांनी आणखी मोठं ठरवलं: पाच वर्षांत दोन्ही बाजूंनी मिळून ५ लाख लोकांची ये-जा, आणि त्यात भारतातून जाणारे ५० हजार कुशल लोक. त्यामुळे जपानीचे क्लास वाढणारच. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला. आमची टीम जपानी क्लायंटचं काम करते आणि मी सध्या एन-४ ची तयारी करतोय.

तर जेएलपीटी नावाची ही जी परीक्षा आहे ना, जपानीची सगळ्यात प्रसिद्ध परीक्षा, एन-५ पासून एन-१ पर्यंत, तिच्यात एक गंमत आहे. तिच्यात बोलण्याची परीक्षाच नाही. शब्द, व्याकरण, वाचन, ऐकणं, सगळं पर्याय निवडून गोळे काळे करायचे. म्हणजे एकाही माणसाशी एक वाक्यसुद्धा न बोलता तुम्ही एन-१ पास होऊ शकता. सर्टिफिकेट मिळतं, व्हिसा मिळतो, पगार वाढतो. यात वाईट काहीच नाही, मलाही पगार हवाय. पण भाषेचं खरं काम तिथे सुरूसुद्धा झालेलं नसतं.

खरं काम म्हणजे काय, ते सांगायला मी दोन माणसं घेऊन आलोय. एक आपल्या वसईचा, सव्वाचारशे वर्षांपूर्वीचा. दुसरे मूळचे अंबरनाथचे, आजचे. दोघांचाही जपानशी संबंध आहे.

पहिला माणूस तुम्हाला नावाने माहीत आहे. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे. संत गोन्सालो गार्सिया. आपल्यातल्या कितीतरी जणांनी त्या कॉलेजच्या गेटवर उभं राहून वडापाव खाल्लाय. पण हा माणूस नेमका होता कोण, हे विचारलं तर आपण पटकन म्हणतो, कोणीतरी संत. विषय संपला. तर नाही संपला. गोन्सालो गार्सिया हा जपानी अस्खलित बोलणारा वसईकर होता. १६ व्या शतकात. ना ॲप, ना क्लास, ना डिक्शनरी.

त्याचा जन्म साधारण १५५६-५७ चा, वसईतला. तेव्हा वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. किल्ला १५३४ नंतर त्यांच्याकडे गेला होता आणि चिमाजी अप्पा यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. किल्ल्यात जेझुइट पाद्र्यांकडे तो शिकला आणि वयाच्या १५-१६ व्या वर्षी त्यांच्याबरोबर जहाजाने थेट जपानला गेला. आपण त्या वयात दहावीची पुरवणी मोजत असतो.

तिथे तो जवळजवळ आठ वर्षं राहिला. पाद्र्यांचा मदतनीस म्हणून लोकांना त्यांच्याच भाषेत धर्म शिकवायचं काम त्याच्याकडे होतं. म्हणजे भाषा त्याने पुस्तकातून उचलली नाही, रोज लोकांमध्ये बसून कमावली. जेझुइट संघात पूर्ण सदस्य म्हणून घ्यावं अशी त्याची इच्छा होती, ती काही पुरी झाली नाही. मग त्याने ते सोडलं आणि व्यापार सुरू केला. व्यापार बरा चालला. भाषा येत होती, ओळखी होत्या, अजून काय लागतं? आजच्या भाषेत सांगायचं तर पॅकेज चांगलं होतं.

पण तो तिथे थांबला नाही. फिलिपिन्समध्ये मनिलाला जाऊन तो फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला. १५९३ मध्ये मनिलाहून स्पॅनिश गव्हर्नरने जपानला वकिलात पाठवली. प्रमुख होते पेद्रो बाउतिस्ता. बरोबर दुभाषी म्हणून कोण? आपला वसईकर. समोर कोण? तोयोतोमी हिदेयोशी, त्या वेळचा जपानचा सर्वेसर्वा. जरा कल्पना करा. एका बाजूला स्पेनचं साम्राज्य, दुसऱ्या बाजूला जपानचा सत्ताधीश, आणि मधे उभा राहून दोघांचं बोलणं एकमेकांपर्यंत नेणारा वसईचा एक मुलगा. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर काय होईल, विचार करा.

त्यांना क्योतोमध्ये राहायची परवानगी मिळाली. मग या लोकांनी काय केलं? चर्च बांधलं, ते तर होतंच. पण कुष्ठरोग्यांसाठी दवाखाने काढले. ज्या माणसाला घरचेसुद्धा हात लावत नव्हते, त्याची जखम धुवायची, त्याला जेवू घालायचं, आणि त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलायचं. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. औषध देणारा परदेशी आणि ‘कुठे दुखतंय?’ असं तुमच्या भाषेत विचारणारा परदेशी, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दरबारात वापरलेली भाषा त्याने तिथे वापरली.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. १५९६ मध्ये सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटलं. त्यातून संशय पसरला की आधी पाद्री येतात, मागून सैन्य येतं. हिदेयोशीचा संशय अगदीच हवेतला होता असंही म्हणता येत नाही. जगात इतर ठिकाणी काय चाललं होतं ते त्याला कळत होतं, आणि वसईकरांनी तर ते घरातच पाहिलं होतं. पण राजकारण दोन सत्तांचं आणि शिक्षा मधल्या माणसांना, असं झालं. २६ जणांना पकडलं, क्योतोहून नागासाकीपर्यंत ऐन हिवाळ्यात चालवत नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला निशिझाका टेकडीवर क्रुसावर मारलं. २६ पैकी २० जण जपानी होते. वसईचा एकच.

१८६२ मध्ये चर्चने त्यांना संत घोषित केलं. भारतात जन्मलेला पहिला संत म्हणून गोन्सालोचं नाव घेतात. नागासाकीत त्या टेकडीवर १९६२ मध्ये स्मारक झालं, २६ जणांचे ब्राँझचे पुतळे एका रांगेत आहेत. कधी गेलात तर बघा. आपल्या गावचा माणूस उभा आहे तिथे.

मी श्रद्धेच्या बाजूने बोलत नाहीये, ती ज्याची त्याची. मला त्याच्यातला दुभाषी दिसतो. आणि दुभाषाबद्दल एक कळतं. तो दोन्ही बाजूंना हवा असतो, आणि संशय आला की दोन्ही बाजूंना तोच आधी दिसतो. तरीही कोणीतरी मधे उभं राहावंच लागतं.

आता आपण चारशे वर्षं पुढे जाऊ, तोक्योला. जपान तोच, मधे उभं राहायचं कामही तेच. फक्त आता जीव जात नाही, झोप जाते.

तोक्योच्या पूर्वेला एदोगावा नावाचा वॉर्ड आहे आणि त्यात निशिकासाई नावाचं स्टेशन. आज तिथे हजारो भारतीय राहतात. हे कसं झालं, याचं उत्तर आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना आवडेल: वायटूके! जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्ष दोनच आकड्यांत साठवायचे, म्हणून २००० साल आल्यावर कॉम्प्युटर त्याला १९०० समजतील अशी भीती होती. ते दुरुस्त करायला भारतातून इंजिनिअर बोलावले गेले. बँकांची ऑफिसं ज्या भागात होती, तिथे निशिकासाईहून मेट्रोने थेट जाता यायचं. पण घर कोण देणार? परदेशी माणूस, भाषा येत नाही, ओळखीचा जामीनदार नाही. तेव्हा तिथे आधीपासून राहणारे चहाचे व्यापारी, जगमोहन चंद्राणी, पुढे आले. मूळचे कोलकात्याचे, १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून जपानमध्ये. त्यांनी घरमालकांशी बोलून या मुलांना घरं मिळवून दिली. शाकाहारी मुलांच्या जेवणाचे हाल बघून कँटीन सुरू केलं. त्यांना हे काम कोणी नेमून दिलं नव्हतं. जपानी येत होतं आणि दारात माणूस उभा होता, एवढंच.

याच निशिकासाईत २००५ च्या सुमारास राहायला आले योगेंद्र पुराणिक. मूळचे अंबरनाथचे. पुण्यात शिकले, जपानीही तिथेच शिकले. पुणे हे जपानीच्या बाबतीत आपल्याकडचं मोठं केंद्र आहे. तिथल्या जपानी शिक्षकांची स्वतःची संघटना आहे, आणि अशा शिक्षकांच्या हाताखालून गेलेली माणसं आज जपानमध्ये सगळीकडे सापडतात. पुराणिक विद्यार्थी म्हणून जपानला जाऊन आले, मग आयटीत नोकरी, मग बँकेत. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखाच रस्ता.

वेगळं काय केलं? राहत्या वसाहतीतल्या भानगडींमध्ये लक्ष घातलं. भानगडी कसल्या? अगदी आपल्या सोसायटीसारख्या. जपानमध्ये कचऱ्याचे दिवस ठरलेले असतात. जळणारा कचरा अमुक वारी, प्लास्टिक तमुक वारी, मोठं सामान टाकायचं तर आधी नोंदणी. नवीन आलेल्या भारतीय कुटुंबाला ती पाटी वाचता येत नाही. चुकीच्या दिवशी पिशवी ठेवली जाते. शेजारी काही बोलत नाहीत, जपानी माणूस तोंडावर भांडत नाही, पण मनात नोंद होते. मग रात्रीचा मुलांचा आवाज, फोडणीचा वास, मोठ्याने फोन. हळूहळू ‘ते लोक असेच’ हे वाक्य तयार होतं. दोन्ही बाजूंनी. इकडचे म्हणतात शिस्त नाही, तिकडचे म्हणतात माणुसकी नाही. आणि मूळ भांडण एका पाटीचं, जी कोणी वाचूनच दाखवली नव्हती.

पुराणिक अशा वेळी मधे बसले. इकडच्यांना नियम समजावून सांगितले, तिकडच्यांना सांगितलं की हे मुद्दाम करत नाहीत. भारतीय संस्कृतीची ओळख करून देणारं केंद्र चालवलं. त्यांच्या आईंच्या हातच्या घरगुती जेवणाचं रेस्टॉरंट निघालं. ज्या वासाची तक्रार होती, त्याच वासासाठी जपानी शेजारी पैसे देऊन येऊ लागले तर याहून चांगली सांस्कृतिक देवाणघेवाण कोणती?

२०१२ मध्ये त्यांनी जपानी नागरिकत्व घेतलं, आणि २१ एप्रिल २०१९ ला एदोगावा वॉर्डच्या निवडणुकीत ६,४७७ मतं मिळवून निवडून आले. जपानमध्ये निवडून आलेले पहिले भारतीय वंशाचे लोकप्रतिनिधी. आपल्याकडे बातमी आली, व्हॉट्सॲपवर अभिमानाचे मेसेज फिरले. पण त्यात एक गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात आली. जपानमध्ये परदेशी नागरिकांना मत देता येत नाही. म्हणजे निशिकासाईत राहणाऱ्या बहुतेक भारतीयांना त्यांना मत देताच आलं नाही. ती ६,४७७ मतं जपानी नागरिकांची होती. भाषा नुसती येते म्हणून कोणी मत देत नाही. ती भाषा तुम्ही माझ्यासाठीही वापरलीत, म्हणून देतात.

पुढे ते शिक्षणात गेले. २०२२ मध्ये इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा इथल्या नामवंत सरकारी हायस्कूलचे उपमुख्याध्यापक झाले आणि २०२३ मध्ये मुख्याध्यापक. अंबरनाथचा माणूस जपानी मुलांच्या शाळेचा मुख्याध्यापक!

आता तिसरी गोष्ट. इथे मला कोणा एका माणसाबद्दल सांगायचं नाही, एका पद्धतीबद्दल सांगायचंय. जपानमध्ये परदेशी लोकांना जपानी शिकवणाऱ्यांपैकी साधारण निम्मे लोक स्वयंसेवक आहेत. वॉर्डच्या सभागृहात, वाचनालयात, शनिवार-रविवारी एक-दीड तास बसतात. कोणी रिटायर्ड काका, कोणी गृहिणी, कोणी कॉलेजची मुलगी. पुस्तकातले धडे थोडे, बाकी दवाखान्यात काय बोलायचं, शाळेतून आलेली चिठ्ठी कशी वाचायची, कचरा कुठल्या वारी टाकायचा.

आणि त्यांनी अजून एक भारी गोष्ट शोधली आहे. तिचं नाव ‘यासाशी निहोंगो’, म्हणजे सोपी जपानी. १७ जानेवारी १९९५ ला कोबेला मोठा भूकंप झाला, ६,४०० हून जास्त माणसं गेली. तिथल्या परदेशी लोकांची दुहेरी अडचण झाली. भूकंप तर होताच, वर सूचना समजत नव्हत्या. इंग्रजीत द्याव्यात तर सगळ्यांना इंग्रजी कुठे येतं? मग हिरोसाकी विद्यापीठातल्या भाषेच्या अभ्यासकांनी विचार केला की जपानीच सोपी करू. उदाहरण सांगतो. सरकारी सूचना असायची, ‘ताकादाइ नि हिनान शिते कुदासाइ’, म्हणजे उंचवट्याच्या ठिकाणी आश्रय घ्यावा. तिचं केलं, ‘ताकाइ तोकोरो ए निगेते कुदासाइ’. उंच जागी पळा. ‘हिनान’ हा शब्द नवख्याला येत नाही, ‘निगेरु’ म्हणजे पळणं, हे सुरुवातीच्या काही महिन्यांतच शिकवलेलं असतं. १ जानेवारी २०२४ ला नोतोचा भूकंप झाला तेव्हा टीव्हीवर मोठ्या, साध्या अक्षरांत हेच झळकलं: त्सुनामी! निगेते! लहान मुलालाही कळेल असं.

आता आपल्याकडे या. वसई-विरारमध्ये किती भाषा आहेत मोजा. सामवेदी, वाडवळी, कोळी, वारली, हे इथलेच. मग गुजराती, हिंदी, भोजपुरी, कोकणी, तमिळ, बंगाली. नालासोपाऱ्याच्या एका चाळीत अर्धा भारत सापडतो. आणि दर जुलैत आपल्याकडे पाणी भरतं. २०१८ ला तर नालासोपाऱ्यात रूळच पाण्याखाली होते, गाड्या बंद. अशा वेळी सूचना कशी येते? ‘अतिवृष्टीच्या पार्श्वभूमीवर सखल भागातील नागरिकांनी तातडीने सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे.’ मंडळी, मी मराठी माध्यमात शिकलोय, मलाही दोनदा वाचावं लागतं. त्याऐवजी असं लिहिलं तर? ‘खूप पाऊस येणार आहे. तुमचं घर खालच्या भागात असेल तर आत्ता वर जा.’ ही पण मराठीच आहे. आणि परवा गोरखपूरहून आलेल्या माणसालाही ती समजण्याची शक्यता बरीच जास्त आहे.

इथे मी जरा नाजूक विषयाला हात घालतोय. लोकलमध्ये भाषेवरून भांडणं होतात, त्याचे व्हिडिओ तुम्ही बघितलेत, फॉरवर्डही केलेत. महाराष्ट्रात राहणाऱ्याला मराठी यायला हवी. माझं मत पक्कं आहे, हवीच. पण मग एक साधा प्रश्न: शिकवणार कोण? रात्री साडेनऊला बांधकामावरून सुटलेला, बारा तास काम केलेला माणूस मराठी कुठे शिकणार? तुमच्या-माझ्या एरियात त्याच्यासाठी एक तरी वर्ग आहे? एदोगावात ‘जपानी यायलाच हवी’ असं म्हणणारी माणसं आहेतच. पण त्यांच्याच शेजारी रविवारी सकाळी खुर्च्या मांडून शिकवायला बसणारी माणसंही आहेत. अपेक्षा ठेवायची तर तिची सोयही करावी लागते. भाषा समोरच्याच्या अंगावर फेकून येत नाही, शिकवून येते.

मला माहितीये तुम्ही काय म्हणणार. वेळ कुठे आहे भाऊ? विरार ते चर्चगेट जाऊन-येऊन तीन तास, वर ऑफिस. खरंय. म्हणून मी मोठं काही सांगत नाहीये. तीन छोट्या गोष्टी सांगतो, जमेल ती घ्या.

एक. सोसायटीचा किंवा चाळीचा व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर पाणी, लाईट, कचरा, पाऊस यांची सूचना आली की तिचं दोन ओळींत सोपं मराठी करून टाका. एक मिनिटाचं काम. आणि ती वाचूनही दाखवा, कारण सगळ्यांना वाचता येतं असं नाही.

दोन. रविवारी एक तास. सोसायटीचं ऑफिस, वाचनालय, चर्चचा हॉल, मंदिराचं सभागृह, कुठेही. चार जण आले तरी वर्ग होतो. ‘अ आ इ ई’ पासून नको. रिक्षा, दवाखाना, रेशन, मुलाची शाळा, एवढ्या चार ठिकाणी लागणारी वाक्यं. आणि त्या वर्गात त्यांनाही शिकवू द्या. त्यांच्या भाषेत ‘कुठे दुखतंय?’ कसं म्हणतात ते विचारा. देवाणघेवाण म्हणजे दोन्ही बाजूंनी, नाहीतर ते नुसतं भाषण होतं.

तीन. ही खास जपानी शिकणाऱ्यांसाठी. एन-४, एन-३ झाला असेल तर क्लासमधल्या नवीन मुलाला महिन्यातून एकदा बोलायचा सराव द्या. परीक्षेत बोलणं नाही म्हटलं ना मी? म्हणून तेच सगळ्यात कच्चं राहतं. आणि उद्या तुम्ही नागोया, ओसाका कुठेही गेलात, तर तुमच्या मागून येणाऱ्या मुलाला कचऱ्याची पाटी वाचून दाखवा. तो तुमच्या गावचा नसला तरी.

आमच्या क्षेत्रात जपानी कंपन्यांमध्ये एक पद असतं, ‘ब्रिज एसई’. दोन देशांच्या टीमच्या मधे पुलासारखा राहणारा इंजिनिअर. त्याला कोडिंग येतं आणि दोन्ही भाषा येतात, म्हणून त्याला पगार मिळतो. गोन्सालोला असा पगार नव्हता, चंद्राणींना नव्हता, रविवारी शिकवणाऱ्या त्या जपानी आजींनाही नाही. पण ज्या वस्तीत असे पूल असतात, तिथे ‘ते लोक असेच’ हे वाक्य रुजायला वेळ लागतो. आपल्या वसई-विरारला आत्ता त्याची फार गरज आहे, असं मला वाटतं.

तुमच्या भागात कोणी असा वर्ग चालवत असेल, जपानीचा, मराठीचा, कुठल्याही भाषेचा, तर मला नक्की कळवा. आणि चालवत नसेल, तर येत्या रविवारी एक खुर्ची तुम्ही मांडा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि भाईंदर आलं की दरवाजातून जरा आत सरका. माता ने!